गाणे आत, गाणारा बाहेर

१

मराठी समीक्षेने कविता तपासली, कादंबरी तपासली, आत्मकथने तपासली. कायद्याचे पुस्तक मात्र तिने वकिलांच्या स्वाधीन करून टाकले. हे मला मान्य नाही. मनुस्मृती हाही कायद्याचाच ग्रंथ होता, आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तिचे दहन झाले ते एका ग्रंथाच्या चिकित्सेचेच टोक होते. कायदा शब्दांचा बनतो. कोणता शब्द घेतला, कोणता गाळला, व्याख्येच्या आत कोणाला बसवले आणि उंबऱ्याबाहेर कोणाला उभे केले, हे पाहणे समीक्षेचे काम आहे.

या लेखात मी १९५७ चा कॉपीराइट कायदा वाचणार आहे, आणि तो वाचण्यासाठी एक जागा निवडली आहे : हॉटेल. चहाच्या टपरीपासून पंचतारांकित उपाहारगृहापर्यंत सगळ्यांना मी येथे हॉटेलच म्हणतो, कारण आपली माणसे तसेच म्हणतात.

हॉटेलच का? कारण आपल्या देशात हॉटेल ही नुसती खाण्यापिण्याची जागा कधीच नव्हती. आत कोण येईल, कोठे बसेल, कोणत्या कपातून पिईल, याचा तेथे रोज निवाडा होत असे. म्हणून संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे नावानिशी सांगावी लागली आणि तेथे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाला अडवता येणार नाही असे बजावावे लागले. हा झाला माणसाच्या प्रवेशाचा कायदा. कॉपीराइटचा कायदा हा त्याच हॉटेलातील गाण्याच्या प्रवेशाचा कायदा आहे. गाणे आत आले तर कोणाची परवानगी लागेल आणि पैसे कोणाला मिळतील, हे तो सांगतो. हे दोन कायदे आपण आजवर शेजारी ठेवून वाचलेले नाहीत. ते तसे वाचले की जे दिसते ते मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

२

प्रथम कायदा काय म्हणतो ते साध्या शब्दांत पाहू. हॉटेलात एक गाणे वाजते तेव्हा कायद्याच्या दृष्टीने तेथे चार वस्तू असतात : शब्द, चाल, ध्वनिमुद्रण आणि गायक-वादकांचा आविष्कार. हॉटेलवाल्याने कॅसेट विकत घेतली, तबकडी घेतली किंवा आजच्या रिवाजाप्रमाणे मोबाईलवर महिन्याचे पैसे भरले, तरी त्याने घेतला तो घरी ऐकण्याचा हक्क. गिऱ्हाइकांना ऐकवायचे तर वेगळा परवाना पाहिजे. निवासी इमारतीच्या सामायिक दालनात तेथील रहिवाशांसाठी ध्वनिमुद्रण वाजवायला कायदा सूट देतो. पण ती सूट देताना ही जागा हॉटेल किंवा तसले व्यापारी ठिकाण असता कामा नये, असे तो मुद्दाम नोंदवतो.

पैसे गोळा करणाऱ्या संस्थाही निरनिराळ्या आहेत. शब्द आणि चाल यांसाठी १९६९ साली स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी. ध्वनिमुद्रणासाठी १९४१ पासूनची फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड, म्हणजे पी.पी.एल., आणि तिच्यासारख्या इतर कंपन्या. गायकांची संस्था मात्र २०१३ साली नोंदली गेली. हा क्रम वाचकांनी लक्षात ठेवावा. आधी तबकडीचा मालक, मग शब्द-चालीचा धनी, आणि त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी गळा.

या हक्काचा जन्मही हॉटेलातच झालेला आहे. १८४७ साली पॅरिसच्या एका प्रसिद्ध कॅफेत एर्नेस्ट बूर्जे नावाचा गीतकार बसला होता. तेथे त्याचेच गीत गायले जात होते. त्याने बिल द्यायला नकार दिला. माझे गाणे तुम्ही फुकट वापरता, मग तुमचे पेय मी फुकट का पिऊ नये, असा त्याचा रोकडा हिशेब होता. प्रकरण न्यायालयात गेले, निकाल त्याच्या बाजूने लागला आणि १८५१ साली फ्रान्समध्ये गीतकार-संगीतकारांची पहिली वसुली संस्था उभी राहिली. पुढे १९१७ साली न्यूयॉर्कच्या शॅन्लीज नावाच्या उपाहारगृहाविरुद्ध संगीतकार व्हिक्टर हर्बर्ट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. हॉटेलवाल्याचे म्हणणे असे की आम्ही गाण्याचे तिकीट लावत नाही, जेवणाचे पैसे घेतो. न्यायमूर्ती होम्स यांनी ते फेटाळले. संगीत हा त्या जेवणाचाच एक भाग आहे, गिऱ्हाईक सगळ्याचे मिळून पैसे देते, आणि संगीताने धंदा होत नसता तर मालकाने ते ठेवलेच नसते, असा त्यांचा युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद मला पूर्ण मान्य आहे. तो श्रमाच्या बाजूचा युक्तिवाद आहे. संगीत ही हवा नाही, कोणाच्या तरी घामातून ती निघते, आणि त्या घामावर गल्ला भरणाऱ्याने त्याचे मोल दिले पाहिजे. पण हे तत्त्व ज्या हातांनी अंमलात आले ते हात तपासावे लागतात. अमेरिकेत १९१४ साली ॲस्कॅप ही वसुली संस्था निघाली. तिच्या स्थापनेच्या वेळी एकदोन काळे सभासद होते, परंतु ब्लूज आणि जॅझ वाजवणाऱ्या असंख्य काळ्या कलावंतांना तिचे दार उघडायला फार वर्षे लागली. जेली रोल मॉर्टनसारख्या जॅझच्या धुरिणाला सभासदत्व मिळाले ते १९३९ साली, मृत्यूच्या दोन वर्षे आधी. ज्यूकबॉक्सला तेथील १९०९ च्या कायद्याने शुल्कातून सूट दिली होती, ती १९७६ चा कायदा येईपर्यंत टिकली. तोवर देशभरच्या हॉटेलांत काळ्यांच्या तबकड्या नाण्यावर वाजत राहिल्या. आणि त्याच देशात १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरोच्या खाद्यकाउंटरवर चार काळे विद्यार्थी बसले तेव्हा त्यांना कॉफी नाकारली गेली. रेकॉर्डवर गाणाऱ्या गळ्याला तेथील हॉटेलांकडून आजही काही मिळत नाही. मिळते ते शब्दाच्या आणि चालीच्या धन्याला.

गाणे आत, गाणारा बाहेर. हे सूत्र वाचताना आपल्याला परके वाटत नाही. ते कसे वाटेल?

३

चोखामेळ्याचे अभंग पंढरपूरच्या देवळात गायले जात होते आणि चोखामेळा पायरीशी होता. १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर ते दार उघडले. तोवर अभंगाला जी वाट मोकळी होती ती अभंगकर्त्याच्या माणसांना बंद होती. परंपरा असेही सांगते की चोखोबांचे अभंग अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने लिहून घेतले. रचणारा एक, लिहिणारा दुसरा. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या कॉपीराइट कायद्याची सगळी मेख याच ठिकाणी आहे.

१९५७ च्या कायद्याने ‘संगीतकृती’ची जी व्याख्या केली ती अशी होती : स्वरमेळाची अशी रचना, जी छापलेली आहे, लिहिलेली आहे किंवा चिन्हांनी कागदावर उतरवलेली आहे. म्हणजे जी चाल कागदावर उतरली नाही ती कायद्याच्या लेखी संगीतच नव्हती. ही व्याख्या इंग्रजी कायद्याच्या वळणावर बेतलेली होती, हे खरे. युरोपातला संगीतकार स्वरलिपी लिहितो. पण ज्या देशात अक्षरालाच जातीचे कुंपण होते, ज्या देशात ढोलकीवाला, हलगीवाला, सनईवाला, पोतराज, वाघ्या-मुरळी, गोंधळी हे सगळे कानाने शिकले आणि हाताने शिकवत आले, त्या देशात या व्याख्येचा अर्थ काय होतो? ज्यांना लिहू दिले नाही त्यांनी लिहिले नाही, म्हणून त्यांची कृती ही कृती नाही. मनूने वेद ऐकण्याची बंदी केली होती. या व्याख्येने ऐकायला बंदी केली नाही, फक्त जे ऐकू येते ते अस्तित्वात नाही असे ठरवले. कायदा करणाऱ्यांच्या मनात जातिद्वेष होता असे मी म्हणत नाही. जातीचा विचारच त्यांच्या मनात आला नाही, आणि आपल्या समाजात हेच पुरेसे असते.

ही व्याख्या १९९४ च्या दुरुस्तीने बदलली. कागदाची अट गेली. म्हणजे प्रजासत्ताक चव्वेचाळीस वर्षांचे होईपर्यंत न लिहिलेली चाल ही या देशात अनाथ होती.

माझ्या लहानपणी आमच्या तालुक्याच्या गावी स्टँडसमोर एक हॉटेल होते. आमच्या वस्तीतल्या माणसांच्या कपबशा मागच्या भिंतीच्या कोनाड्यात वेगळ्या असत, पिऊन झाल्यावर ज्याच्या त्याने विसळून ठेवायच्या. कायद्याने हा १९५५ पासूनच गुन्हा होता, पण कायदा आमच्या स्टँडवर उतरला नव्हता. त्या हॉटेलाच्या दारावर कर्णा होता. त्यातून सकाळी अभंग आणि दुपारनंतर लावण्या वाजत. तमाशातली हलगी आणि ढोलकी कोणत्या वस्तीतून येते हे गल्ल्यावरच्या मालकाला ठाऊक होते आणि बाहेर उभ्या असलेल्या आम्हालाही ठाऊक होते. त्या हलगीवर गिऱ्हाईक थांबत असे, भजी खात असे, दुसरा चहा मागत असे. ज्याच्या जातीची हलगी त्याचा कप कोनाड्यात. या व्यवहारात वेगळ्या कपाचा अपमान आम्हाला कळत होता. हलगीची मजुरी बुडते आहे हे मात्र कोणाच्याच ध्यानात येत नव्हते. आपल्या चळवळीने पहिल्या अपमानावर पुष्कळ लिहिले. दुसऱ्यावर अजून लिहायचे आहे.

४

या कायद्याच्या इतिहासात १९७७ हे साल ठळक आहे. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी विरुद्ध चित्रपट निर्माते व प्रदर्शक असा खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. वाद चित्रपटगृहांतून उभा राहिला होता, पण त्याचा परिणाम हॉटेलापर्यंत पोचला. न्यायालयाने म्हटले, निर्मात्याने मोबदला देऊन संगीतकाराकडून चाल करून घेतली आणि उलट करार नसला, तर पहिला मालक निर्माता. मजुराने भिंत बांधली, मजुरी घेतली, भिंत मालकाची. तसाच हा न्याय. फरक इतकाच की भिंत एकदाच बांधली जाते आणि एकाच जागी उभी राहते. गाणे हजार हॉटेलांत हजार वेळा वाजते आणि प्रत्येक वेळी कमाई करते.

या निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक छोटी पुरवणी जोडली. ती आपल्या विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावी अशी आहे. आपल्या देशात संगीताचा प्राण गाणाऱ्याच्या गळ्यात असतो, आणि तरी आपला कायदा कागदावर स्वर मांडणाऱ्याला ओळखतो व गायकाला ओळखत नाही. ही गोष्ट भारतीय नव्हे, संसदेने तिचा विचार करावा, अशा आशयाचे ते लिहितात. एका न्यायमूर्तीने निकालाच्या शेवटी कायद्याचीच समीक्षा करावी, ही मोठी गोष्ट आहे. तरीही मला वाटते की त्यांच्या डोळ्यांसमोर मैफलीतला गवई होता. त्याच्यामागे बसलेला साथीदार आणि मैफलीच्या दाराबाहेरचा हलगीवाला त्या पुरवणीत आलेला नाही. आपल्याकडची करुणाही पुष्कळदा ओसरीपर्यंतच येते.

संसदेला विचार करायला सतरा वर्षे लागली. १९९४ च्या दुरुस्तीने ‘आविष्कर्ता’ हा नवा हक्कदार निर्माण केला. ती व्याख्या वाचताना मी थबकलो. अभिनेता, गायक, वादक, नर्तक यांच्या पाठोपाठ कायदा नावे घेतो ती डोंबाऱ्याची, हातचलाखी करणाऱ्याची, जादूगाराची, गारुड्याची. ज्या भटक्या-विमुक्तांना इंग्रजांच्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार म्हणून नोंदले, ज्यांना गावाने पाचोळ्यासारखे वाऱ्यावर ठेवले, त्यांची कला या देशाच्या एका कायद्यात हक्कदार म्हणून लिहिली गेली. मराठी साहित्याच्या इतिहासात गारुड्याला इतकी प्रतिष्ठेची जागा मिळालेली नाही, हे आपण समीक्षकांनी शरमेने नोंदवावे.

परंतु एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने परतही घेतले गेले. एकदा चित्रपटात गायला-वाजवायला संमती दिली की हा हक्क संपला, असेही त्याच दुरुस्तीने म्हटले. आणि आपल्याकडे हॉटेलात वाजते ते बहुतांशी चित्रपटाचेच गाणे.

२०१२ साली कायदा पुन्हा सुधारला. गीतकार-संगीतकारांच्या बाजूने राज्यसभेत जावेद अख्तर लढले. चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर होणारा वापर सोडून इतर सगळ्या वापरांचा निम्मा हिस्सा गीतकार-संगीतकाराचा, आणि तो त्याला लिहून देऊनही टाकता येणार नाही, असे ठरले. भुकेल्या माणसाची सही ही स्वतंत्र माणसाची सही नसते, हे कायद्याने येथे ओळखले. ही दुरुस्ती मी या कायद्यातील सर्वात न्याय्य वाक्य मानतो. गायक-वादकांनाही व्यापारी वापरातील हिस्सा आणि नावाचा हक्क मिळाला. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने गायकांच्या संस्थेच्या बाजूने एका बार-उपाहारगृहाला मनाई केली, ती याच बळावर.

आणि याच दुरुस्तीत एक परंतुक शिरले. चित्रपटात ज्याचा सहभाग किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, तो आविष्कर्ता नव्हे. आपला आविष्कार कोणी विद्रूप करू नये एवढाच हक्क त्याला उरतो. रिवाज कोणाचा? धंद्याचा. नाव कोण लिहितो? मालक. म्हणजे मालकाने नाव गाळायचे आणि कायद्याने त्या गाळण्याला पुरावा मानायचे. गावाने पाण्यापासून दूर ठेवायचे आणि मग अस्वच्छ म्हणायचे, त्यातलाच हा प्रकार आहे. कोरसमध्ये उभ्या राहणाऱ्या बाया, दोन कडव्यांमध्ये हलगीचा तुकडा वाजवून रोज घेऊन जाणारा माणूस, यांच्यासाठी १९५७ च्या कागदाची जागा आता श्रेयनामावलीने घेतली आहे.

कोणी म्हणेल, मग लिहायला शिका, सगळे ठीक होईल. ते तितके सोपे नाही. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात गोव्याच्या वादकांनी वाद्यमेळ लिहून दिले. ही माणसे स्वरलिपी अस्खलित लिहीत. अंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हा ट्रम्पेटवादक ताजमहाल हॉटेलात बँड वाजवी आणि सी. रामचंद्रांच्या संगीतातही वाजवी. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांनी कागदच्या कागद भरले. त्यांचे हस्ताक्षर गाण्यात राहिले, मालकी दुसऱ्यांची झाली आणि नावे कित्येक वर्षांनी अभ्यासकांनी शोधून काढली. लेखन हवेच. पण लेखन कोणाच्या वहीत होते, हा त्यापुढचा प्रश्न आहे.

५

आता आपल्या बाजूचा हिशेब. कॉपीराइटच्या कायद्याने जे केले त्याला मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासाने एक शब्द पुरवला : ‘पारंपरिक’. कॅसेटच्या वेष्टनावर ‘गीत : पारंपरिक, संगीत : पारंपरिक’ असे छापले की प्रश्न मिटतो. लोककला कोणा एकाची नसते, ती समूहाची असते, असे आपण वर्गात शिकवतो. विधान सुंदर आहे. पण समूहाची असलेली वस्तू विकली गेली की पैसे समूहाकडे का येत नाहीत? परंपरा सगळ्यांची आणि गल्ला एकाचा, ही कोणती समूहवृत्ती? पठ्ठे बापूरावांचे नाव कवी म्हणून राहिले, ते योग्यच आहे. पवळाचे नाव दंतकथेत राहिले. आणि त्या दोघांच्या मागे उभ्या राहिलेल्या ढोलकीवाल्याचे नाव कोणत्या विद्यापीठाच्या प्रबंधात आहे? कायदा यालाच ‘कर्ता’ आणि ‘आविष्कर्ता’ असे म्हणतो. आपण त्याला कवी आणि साथीदार म्हणत आलो. भाषा निराळी, उतरंड तीच.

दुसरीकडे आपल्यातील काही तरुण कार्यकर्त्यांचे म्हणणे असते की कॉपीराइट हे भांडवलदारांचे हत्यार आहे, ते नाकारावे, गाणे सर्वांना मुक्त असावे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि त्याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. आंबेडकरी जलशांनी आणि नंतरच्या गायनपार्ट्यांनी कितीतरी भीमगीते सिनेमाच्या गाजलेल्या चालींवर बांधली. कालपर्यंत हॉटेलाच्या कर्ण्यावर ऐकलेली चाल आज वस्तीत नवे शब्द घेऊन उभी राहात असे. मालकीचा कायदा कडकपणे लावला असता तर आपली अर्धी गाणी न्यायालयात उभी राहिली असती. तेव्हा मालकीची भिंत ही आपली मागणी होऊ शकत नाही. पण गाणे मुक्त करा असे म्हणताना हॉटेलचा गल्ला मुक्त होतो आणि गाणारा मात्र उपाशी राहतो, हेही विसरता येत नाही.

मग आपली भूमिका कोणती? तिचे उत्तर मला आपल्याच काव्यपरंपरेत सापडते. संतांच्या अभंगाच्या शेवटी आणि शाहिरांच्या शेवटच्या कडव्यात कर्त्याचे नाव गुंफलेले असते. त्याला आपण नाममुद्रा म्हणतो आणि काव्यशास्त्रातली एक लकब म्हणून पुढे जातो. ती लकब नाही. ज्यांच्याजवळ छापखाना नव्हता, नोंदवही नव्हती, वकील नव्हता, त्यांनी आपले नाव ठेवण्यासाठी शोधलेली ती एकमेव सुरक्षित जागा होती : गाण्याच्या पोटात. चोखोबांनी ती वापरली. वामनदादा कर्डकांनी ती वापरली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेला, मुंबईत मजुरी करत उशिरा अक्षरे शिकलेला हा कवी. त्याची गीते हजारो गळ्यांनी गायली आणि प्रत्येक गळ्याला शेवटी त्याचे नाव घ्यावे लागले. नाममुद्रेचा न्याय असा आहे : हे गाणे कोणीही गा, कोठेही गा, पण नाव घेऊन गा. तिच्यात मनाई नाही. नावाशिवाय गाणे पुढे सरकत नाही एवढेच. कर्तृत्व आहे, मालकी नाही. युरोपच्या कायद्याला ज्या दोन गोष्टी वेगळ्या करणे दीडशे वर्षे जमले नाही, त्या आपल्या अशिक्षित म्हणवल्या गेलेल्या कवींनी सहज वेगळ्या केल्या.

आणि ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात पहिला घाव याच शेवटच्या कडव्यावर पडतो. वेळ कमी, तुकडा छोटा, नुसती धून वाजवायची; नाव गळून पडते. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज कितीतरी हॉटेलांत पहाटे विठ्ठलाच्या नावाने घुमतो. तो आवाज कोणत्या समाजातून आला, त्याच गळ्याने भीमगीते किती गायली, हे चहा पिणाऱ्याला ठाऊक नसते. विठ्ठल आत असतो, आवाजही आत असतो, नाव बाहेर असते.

६

अलीकडची न्यायालयीन लढाई या प्रकाशात पाहिली म्हणजे तिचे खरे स्वरूप कळते. ज्या कंपनीची अधिकृत कॉपीराइट संस्था म्हणून नोंदणी नाही तिला हॉटेलांना परवाने देता येतात का, हा वादाचा मुद्दा आहे. जानेवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की ती स्वतः हक्कांची मालक असेल तर देता येतात. एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने पी.पी.एल. आणि अझूर हॉस्पिटॅलिटी या उपाहारगृहांच्या कंपनीच्या प्रकरणात उलट दिशेने मत दिले आणि नोंदणीकृत संस्थेच्या दराने पैसे भरायला सांगितले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्देशाला स्थगिती दिली. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद मी वाचले. एक बाजू मालमत्तेच्या हक्काची भाषा बोलते, दुसरी परवाना-दराची. गाणारा कोठे आहे? तो दोन्ही बाजूंच्या कैफियतींमध्ये ‘कलावंतांचे हित’ या दोन शब्दांत आहे. नोंदणीचा प्रश्न क्षुल्लक नाही, कारण नोंदणीकृत संस्थेला दर जाहीर करावे लागतात आणि हिशेब द्यावे लागतात. पण मालक विरुद्ध मालक या खटल्यात मजुराने कोणाचा जयजयकार करावा?

याच हॉटेलात दुसरे एक दृश्य महाराष्ट्राने पाहिले आहे. २००५ साली राज्य सरकारने बारमधील नाच बंद केला. तीन आणि त्यावरील तारांकित हॉटेलांना मात्र त्या बंदीतून वगळले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली, पण तोवर हजारो बायांचा रोजगार गेला होता. त्यांतील बऱ्याच जणी दलित, भटक्या आणि पिढीजात नाचगाण्याच्या जमातींतल्या होत्या. बंदीच्या काळात बारमधले गाणे थांबले नाही. त्या गाण्याच्या मालकाचा हक्क एका दिवसासाठीही स्थगित झाला नाही. कॉपीराइट कायद्याच्या व्याख्येत नर्तकी ही आविष्कर्ती आहे. पोलीस कायद्यात ती उपद्रव झाली. एकाच खोलीत, एकाच वेळी, गाण्याला मालमत्तेचे संरक्षण आणि नाचणारीला छापा. हॉटेलातल्या संगीताचा कायदा शिकवायचा असेल तर मी विद्यार्थ्यांना हे दृश्य आधी दाखवीन.

७

समीक्षेने शेवटी मागणी करावी का, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. या नियतकालिकाच्या वाचकांना तो पडू नये. मला तीन गोष्टी सुचवायच्या आहेत.

पहिली : हॉटेलांसाठी ‘मोल द्या आणि वाजवा’ अशी तरतूद व्हावी. आकाशवाणी-दूरदर्शनसारख्या प्रसारकांसाठी कायद्यात २०१२ पासून ती आहे. ठरलेल्या दराने पैसे भरले की मालकाला नकार देता येत नाही. हॉटेलांसाठी ती नाही, म्हणून तेथे धाक, नोटिसा आणि सौदेबाजी चालते. दर मात्र जागेच्या मगदुराप्रमाणे असावा, आणि चार बाकांच्या टपरीला पूर्ण सूट असावी. अमेरिकेने १९९८ साली ठरावीक क्षेत्रफळाखालच्या उपाहारगृहांना रेडिओ-टीव्ही वाजवण्यापुरती सूट दिली. जागतिक व्यापार संघटनेच्या पंचांनी ती फार सैल ठरवली. पण टपरी आणि तारांकित हॉटेल यांत फरक करणे हे त्यामुळे चुकीचे ठरत नाही.

दुसरी : नाव. प्रसारणाच्या त्याच तरतुदीत गीतकार-संगीतकारांची आणि मुख्य कलावंतांची नावे प्रसारणाबरोबर जाहीर करावीत असे लिहिले आहे. जुन्या काळी रेडिओवरचा निवेदक गाण्याआधी तिघांची नावे सांगत असे. ती नाममुद्राच होती. हॉटेलाच्या परवान्यालाही हीच अट लागावी. ‘मुख्य’ या शब्दाची उतरंड मोडावी आणि श्रेयनामावलीच्या परंतुकाला संसदेने मूठमाती द्यावी. वसुलीच्या पैशाचे वाटपही नावाशिवाय होत नाही. गल्ल्यामागच्या खोलीत दिवसभर कोणकोणती गाणी वाजली याची वही कोणी ठेवत नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याचा वाटा ज्याची नोंद आहे त्याला जातो.

तिसरी आपल्या स्वतःसाठी. तालुक्या-तालुक्यातल्या गायनपार्ट्या, जलसे, बँडपथके, तमाशाचे फड यांची यादी आपण करावी. कोणते गीत कोणाचे, चाल कोणाची, ढोलकीवर कोण, हलगीवर कोण, कोणत्या साली कोठे ध्वनिमुद्रण झाले. महाविद्यालयातल्या मराठीच्या प्राध्यापकांना हे काम देता येईल, एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी ‘प्रतिमासृष्टी’वर आणखी एक प्रबंध लिहिण्यापेक्षा एका हलगीवाल्याच्या आयुष्याची नोंद करावी. सही करण्यापूर्वी करार वाचून दाखवणारा एक वकील प्रत्येक जिल्ह्यात उभा करावा. ‘पारंपरिक’ हा शब्द छापण्याआधी परंपरेतला शेवटचा जिवंत माणूस कोण, हे विचारावे.

संविधानाने हॉटेलचे दार माणसासाठी उघडले. त्या दारातून आपण आत आलो, बाकावर बसलो, सर्वांच्या कपातून चहा प्यायलो. आता भिंतीवरच्या डब्यातून जे गाणे वाजते आहे त्यातली हलगी कोणाची, एवढे मालकाला विचारायचे राहिले आहे.